दारामागची चार बाय सहाची जागा: सदनिकेचे प्रवेशद्वार कसे सजवावे?

मुठाकाठ

नमस्कार. आम्ही कर्वेनगरमध्ये एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पुनर्विकासाची चर्चा अधूनमधून उठते आणि पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत विरून जाते, त्यामुळे तिची वाट पाहत न बसता घर नीट करून घ्यावे असे आम्ही ठरवले आहे. बाकीच्या खोल्यांचे काय करायचे ते ठरले आहे; अडले आहे ते दाराशी. मुख्य दार उघडले की सुमारे चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी चिंचोळी जागा लागते व ती ओलांडली की थेट दिवाणखाना. डावी भिंत पूर्ण कोरी आहे. उजव्या भिंतीवर विजेच्या मुख्य बटणांची पेटी आहे. खिडकी नसल्यामुळे भर दुपारीही तिथे अंधार असतो.

सध्या तिथे चपला-बुटांचा पसारा असतो, छत्र्या दाराच्या कडीला लटकतात आणि किल्ल्या कुठे आहेत हे रोज सकाळी घरभर विचारावे लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. चप्पल घालताना त्यांना भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहावे लागते, ते पाहवत नाही.

आणखी एक गोष्ट. सासऱ्यांचा शनिवार पेठेतला वाडा पाडला तेव्हा तिथल्या चौकटीची सागवानी गणेशपट्टी आम्ही आठवण म्हणून आणली होती. साडेतीन फूट लांब, आठ इंच उंच आणि तीन इंच जाड अशी ती आहे, मधोमध गणपती आणि दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. अजून माळ्यावर चादरीत गुंडाळलेली आहे. ती या जागेत यावी अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे, परंतु कुठे आणि कशी, यावर एकमत नाही. दुकानांतून पाहिलेले खाचांच्या पट्ट्यांचे पॅनेल, सोनेरी कडांचे आरसे आणि प्लॅस्टिकचे गवत मनाला पटत नाही; त्याचबरोबर घराचे संग्रहालयही करायचे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रंधा

मी अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे आधी थोडे कोरडे बोलतो. प्रवेशाच्या जागेत सजावट शेवटी येते. दारातून येणारा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करतो ते पाहा: तो थांबतो, पादत्राणे काढतो, हातातले सामान टेकवतो, छत्री किंवा शिरस्त्राण ठेवण्यासाठी जागा शोधतो आणि पाहुणा असेल तर पुढे कुठे जायचे याचा अंदाज घेतो. या प्रत्येक कृतीला ठरलेली जागा मिळाली की निम्मी सजावट झालेली असते. न मिळाल्यास कितीही महागडी वस्तू लावा, तिच्या पायाशी चपलांचा ढीगच दिसत राहील.

आपली रुंदी चार फूट आहे. त्यांपैकी निदान तीन फूट चालण्यासाठी मोकळे राहिलेच पाहिजेत, कारण याच वाटेने गॅसचे सिलिंडर येते, कपाट येते आणि वेळप्रसंगी आजारी माणसाला खुर्चीवरून न्यावे लागते. म्हणजे डाव्या भिंतीलगत फार तर एक फूट खोलीचे सामान बसेल. दार आत कुठल्या बाजूला उघडते तेही पाहा. ते डाव्या भिंतीकडे वळत असेल, तर दाराच्या फळीइतका भाग सोडूनच कपाट सुरू करावे लागेल, नाहीतर दार पूर्ण उघडणार नाही आणि मूठ रोज कपाटावर आपटेल. काम सुरू करण्यापूर्वी खडूने जमिनीवर कपाटाची रेघ मारून चार दिवस त्या रेघेच्या अलीकडूनच ये-जा करा. कागदावरच्या नकाशापेक्षा हा नकाशा खरा असतो.

मोठ्या माणसाचा बूट साधारण एक फूट लांब असतो, त्यामुळे सरळ फळ्यांचे कपाट बाहेरून तेरा-चौदा इंच खोल करावे लागते. ते आपल्याला परवडणार नाही. त्याऐवजी पुढे कलणाऱ्या खणांचे कपाट करा. त्यात बूट तिरके उभे राहतात आणि सात ते नऊ इंच खोलीत काम भागते. सासूबाईंसाठी मात्र बैठक हवी आणि तिथे नऊ इंच पुरत नाहीत. सहा फुटांपैकी दिवाणखान्याकडचे दोन फूट बैठकीसाठी राखून तिची खोली बारा-तेरा इंच ठेवा. त्या टोकाला वाट रुंदावत असल्यामुळे अडचण होणार नाही. बाजारातल्या शोभेच्या बाकांची उंची बहुधा कमी असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठताना त्रास होतो, म्हणून उंची अठरा-एकोणीस इंच घ्या. बैठकीशेजारी भिंतीत एक भक्कम उभी मूठ बसवून घ्या. पितळेची किंवा सागवानी मूठ निवडली तर ती रुग्णालयातल्यासारखी दिसत नाही.

साहित्याबद्दल एकच आग्रह. पुण्यात जून ते सप्टेंबर ओले बूट याच कपाटात जाणार आहेत. भुशाचे दाबलेले बोर्ड पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेने फुगतात. आयएस ७१० मानकाचे सागरी प्लायवूड घ्या. आयएस ३०३ मधले ओलावा सोसणारे प्लायवूड कोरड्या खोलीत ठीक असते, इथे नको. कपाट जमिनीपासून चार इंच उचलून पायांवर उभे करा, म्हणजे खालून फडके फिरते. आणि झडपांना वेताची जाळी बसवा. बंद खणात ओलसर बुटांचा जो वास कोंडतो, तो कुठल्याही उदबत्तीने जात नाही.

सचिवपद

रंधा यांचे म्हणणे योग्य आहे, त्याला एक पुरवणी जोडतो. मी आमच्या गृहरचना संस्थेत बरीच वर्षे सचिव आहे आणि प्रवेशद्वाराच्या सजावटीतून जेवढी भांडणे मी मिटवली आहेत, तेवढी पाण्यावरूनही झाली नसतील. उंबरठ्याच्या बाहेरची जागा ही सर्व सभासदांची सामाईक जागा असते. तिथे चपलांचे कपाट, बाक, मोठी कुंडी किंवा मुलांची सायकल ठेवणे हे अतिक्रमण ठरते, मग त्या मजल्यावर आपले एकट्याचेच घर का असेना.

यात केवळ नियमाचा हट्ट नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अशा उपाययोजना चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर येते. आगीत वीज जाते, धूर कोंडतो आणि माणसे भिंत चाचपत जिना शोधतात. त्या वाटेत चपलांचे लाकडी कपाट असणे म्हणजे अडथळा आणि सरपण दोन्ही. बाहेर उघडणारे जाळीचे सुरक्षादार बसवायचे असेल, तर तेही समोरच्या घराच्या दाराला किंवा जिन्याच्या वाटेला आडवे येत नाही ना, हे आधी पाहावे आणि समितीची लेखी परवानगी घ्यावी.

मग बाहेर करायचे काय? नामफलक, तोरण, उंबरठ्यालगत रांगोळी आणि भिंतीला चिकटून बसणारा लहान दिवा यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. दिव्याची जोडणी मात्र आपल्याच मीटरवरून असावी. दाराच्या घंटेबरोबर कॅमेरा बसवणार असाल, तर त्याचा रोख आपल्या दारापुढच्या जागेवर ठेवा. समोरच्या बिऱ्हाडात कोण आले आणि कोण गेले याचे चित्रण करण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. पुण्यात ते काम कॅमेऱ्याशिवायही होते, हा भाग वेगळा.

कडीकोयंडा

गणेशपट्टीसंबंधी लिहितो. ती चौकटीच्या आडव्या वरच्या लाकडावर मधोमध असते आणि दाराखालून जाणाऱ्याच्या डोक्याच्या वर राहते. तिचे कोरीवकाम खालून वर पाहणाऱ्या नजरेसाठी केलेले असते. म्हणून ती बैठकीच्या खोलीत डोळ्यांच्या पातळीवर तसबिरीसारखी टांगली की अवघडलेली वाटते. आपल्या घरात तिला नेमकी जागा आहे असे मला वर्णनावरून दिसते. चार फुटी बोळ जिथे दिवाणखान्यात उघडतो, त्या मुखाशी वर तुळई असणार. साडेतीन फुटांची पट्टी तिथे मध्यावर, बोळाकडे तोंड करून बसवली तर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उरतील, आणि आत येणारा प्रत्येक जण गणपतीच्या खालूनच घरात प्रवेश करील. मुख्य दाराच्या बाहेर लावण्याचा विचार करू नये. तिथे धूळ, ओल आणि चोरी या तिन्हींची धास्ती आहे.

जुन्या वाड्यांची दारे पाहावीशी वाटली तर लांब जायला नको. बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारांचे आणि दिव्यांचे उत्तम नमुने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबाग वाड्याचा लाकडी दर्शनी भाग तर रस्त्यावरूनही दिसतो. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. त्याच्या दिल्ली दरवाजातून आत शिरताना एक गोष्ट जरूर पाहा: दरवाजा ओलांडल्यावर वाट सरळ जात नाही, ती आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळते. हेतू संरक्षणाचा होता, पण घरगुती वाड्यांतल्या देवडीनेही दाराबाहेरची नजर थेट चौकात जाऊ दिली नाही. सदनिकेच्या दारातून थेट जेवणाचे टेबल किंवा कोचावर आडवा झालेला माणूस दिसत असेल, तर बोळाच्या मुखाशी एका बाजूला फूट-सव्वा फूट रुंदीची लाकडी जाळी उभी केल्याने बराच आडोसा मिळतो. आपली जागा चिंचोळी असल्यामुळे मुख अधिक अरुंद न करता ती दिवाणखान्याच्या आत हातभर सरकवून लावावी.

आता पट्टीची स्वच्छता. आधी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढा. वेलबुट्टीच्या खाचांसाठी दात घासण्याचा जुना ब्रश चालतो. रंगाचे थर असतील तर ते उतरवण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू देऊ नका. त्याने सागाचा रंग काळवंडतो आणि धागे सुटतात. मग पट्टी पालथी करून मागची बाजू बारकाईने पाहा. सागाचा गाभा कीड सहसा लागू देत नाही, परंतु सालीकडचा फिकट भाग पोखरला जाऊ शकतो. पांढऱ्या कागदावर पट्टी आठवडाभर ठेवा. बारीक छिद्रांतून कागदावर ताजी पूड पडली तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि कीटकनाशकाचा उपचार झाल्याशिवाय ती भिंतीवर चढवू नये. सगळे ठीक असेल तर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जादा तेल पुसून घ्या. एक सावधगिरी आवर्जून सांगतो: या तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेकून द्या.

रंधा

जागेची सूचना मला मान्य आहे. दिलेल्या मापांवरून या पट्टीचे वजन दहा-अकरा किलोच्या आसपास भरेल, त्यामुळे खिळ्याला तार बांधून ती लटकवू नये. खालून आधार देणारे दोन लोखंडी कोन तुळईच्या काँक्रीटमध्ये विस्तारणाऱ्या बोल्टने पक्के करावेत. कोन सागवानी पट्टीने झाकता येतात. मूळ लाकडात समोरून स्क्रू मारण्याची काहीही गरज नाही. सुतार घाई करील, त्याला तेवढे बजावून ठेवा.

भाडेकरू

धागा वाचनीय आहे. आम्ही वाकडला भाड्याने राहतो आणि करारात भिंतीला छिद्र न पाडण्याची अट आहे. आम्हांला यातले काय करता येईल?

रंधा

बरेच काही. कलत्या खणांचे तयार कपाट मिळते. ते जड असावे, कारण हलके कपाट सर्व खण एकदम उघडल्यावर पुढे कलते. घरात लहान मूल असेल तर मात्र घरमालकाला विनंती करून एकाच छिद्राची परवानगी मिळवा आणि कपाट भिंतीला अडकवा. आरसा टांगण्याऐवजी कपाटावर टेकवून ठेवता येतो, खाली न सरकणारी रबराची पट्टी लावून. किल्ल्यांसाठी कपाटावर एक वाटी पुरते. चिकटपट्टीच्या आकड्यांवर पिशव्या अडकवू नका. ऑइलबाउंड डिस्टेंपरच्या भिंतीवर वजन आले की आकडा रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो आणि अनामत रकमेतून त्याचे पैसे जातात.

जास्वंद

वनस्पतींचा विषय अजून निघालेला नाही, म्हणून लिहिते. मुठाकाठ, तुमच्या जागेत खिडकी नाही हे लक्षात घेता तिथे कायमस्वरूपी झाड ठेवू नये असे माझे मत आहे. रोपवाटिकेतले लोक स्नेक प्लांट, झेडझेड किंवा मनीप्लांट सुचवतील आणि ही झाडे कमी उजेड सोसतात हे खरेही आहे. परंतु कमी उजेड आणि अंधार यांत फरक असतो. अंधारात ती वाढत नाहीत, फक्त मरायला वेळ लावतात. हौस असेल तर सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या आणि त्या आलटून पालटून ठेवा: एक आठवडा दाराशी, दोन आठवडे गॅलरीत. शोभेच्या बाहेरच्या भांड्यात आतली साधी कुंडी बसते, त्यामुळे अदलाबदल सोपी होते. तुळशीला तर भरपूर ऊन लागते. दाराशी तुळस असावी ही भावना मी समजू शकते, पण अंगणातल्या वृंदावनाची जागा बोळाने घेता येत नाही. तिला गॅलरीतच सुखाने राहू द्यावे.

काचेच्या बाटलीत पाण्यात लावलेला मनीप्लांट छान दिसतो, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे डासही त्याच पाण्यात वाढतात. अंड्यापासून डास होण्यास पुण्याच्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व पाणी ओतून बाटली आतून घासून पुसावी. नुसते वरून पाणी बदलल्यास काचेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. हाच नियम फुले तरंगत ठेवलेल्या भांड्यालाही लागू आहे. घरात मांजर किंवा रांगते मूल असेल तर मनीप्लांट आणि डिफेनबेकिया त्यांच्या तोंडापासून दूर हवेत; पाने चावली तर तोंडाची आग होते आणि सूज येते.

झाडे पाहून घ्यायची असल्यास जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते, तिथे एकाच ठिकाणी तुलना करता येते.

दिवेलागण

या जागेचे खरे काम उजेड करणार आहे, असे मला वाटते. अंधाऱ्या बोळात लोक एकच प्रखर पांढरा दिवा छताच्या मधोमध लावतात आणि मग ती जागा तिकीटखिडकीसारखी दिसते. चोवीस चौरस फुटांना पाच-सहा वॅटचा, साडेचारशे ते पाचशे ल्युमेनचा एलईडी दिवा पुरतो. मात्र त्याचा रंग २७०० ते ३००० केल्व्हिन असावा, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश मिळतो. खोक्यावर रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० किंवा अधिक आहे का, तेही पाहावे. सागाचा तांबूस रंग आणि माणसांचे चेहरे यांना त्याने न्याय मिळतो.

एका दिव्याऐवजी प्रकाश विभागून द्या. छतावर एक साधा दिवा असू द्या, आणि कपाटाच्या तळाशी, जमिनीपासून उचललेल्या त्या चार इंचांत, एलईडीची पट्टी लावा. चपला नीट दिसतात, कपाट तरंगल्यासारखे वाटते आणि रात्री उशिरा येणाऱ्याला मुख्य दिवा लावून घर जागे करावे लागत नाही. गणेशपट्टीवर समोरून झोत टाकू नका. समोरच्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसते. खालून किंवा बाजूने तिरका प्रकाश आला की प्रत्येक पाकळीला सावली मिळते. लहान दिवा पट्टीच्या खालच्या कडेमागे लपवता येईल.

आरसा जरूर लावा, पण दाराच्या समोर नव्हे, लांबीच्या भिंतीवर. चिंचोळी जागा त्याने रुंद भासते, आणि दारासमोर आरसा नसावा असे वास्तुशास्त्र मानणाऱ्यांशी वादही उरत नाही. आरशाचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवावा. विजेच्या पेटीवर कोणतेही पॅनेल कायमचे ठोकू नये; अपघाताच्या वेळी ती एका हाताने उघडता आली पाहिजे. बिजागरीवर उघडणारी एखादी हलकी चौकट, तिच्यात पैठणीचा जुना काठ किंवा हातमागाचे कापड ताणून बसवलेले, एवढे पुरेसे आहे. हालचालीने लागणारा दिवा घेणार असाल, तर तो विझण्याचा अवधी निदान तीन मिनिटांचा ठेवा. सासूबाई शांत बसून चपलेचा पट्टा लावत असतील तर त्या उपकरणाला त्या दिसत नाहीत आणि ऐन वेळी अंधार होतो.

ओसरी

माझे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले, त्यामुळे उंबरठ्याबद्दल दोन शब्द लिहिण्याचा अधिकार घेते. हल्ली उंबरठा म्हणून ग्रॅनाइटची अर्ध्या इंचाची चकचकीत पट्टी बसवतात. तिच्यावर ओला पाय घसरतो आणि रांगोळीही धरत नाही. वाऱ्याची झुळूक आली की सगळी फरशीभर होते. यावर उपाय सोपा आहे. न घासलेल्या काळ्या कडप्प्याचा एक फूट रुंद तुकडा घेऊन त्याच्या कडा गोल करून आणाव्यात आणि उंबरठ्याला लागून आतल्या बाजूला तो फरशीच्या पातळीत बसवावा. शिरगोळ्याची पांढरी पूड त्यावर उठून दिसते, बोटांना पकड मिळते आणि ओल्या फडक्याने क्षणात पुसलेही जाते. चिकटवायची छापील रांगोळी लावू नये, असे मी म्हणणार नाही. नोकरी करणाऱ्या सुनांना रोज वेळ कुठून मिळणार? पण चातुर्मासातली गोपद्मे आणि चैत्रातले चैत्रांगण यांसाठी तो कोरा दगड आपला आपण हात बोलावून घेतो.

तोरणासाठी चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत पितळेचे छोटे आकडे एकदाच बसवून घ्या, म्हणजे दर पाडव्याला आणि दसऱ्याला नवे खिळे ठोकावे लागत नाहीत. मंडईतून आणलेले आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे ताजे तोरण दोन-तीन दिवस छान राहते. वाळल्यावर ते लगेच उतरवावे. दिवाळी येईपर्यंत दसऱ्याचे वाळके तोरण मिरवणारी दारे पाहिली की मला त्या घरातल्या माणसांची काळजी वाटते.

शोभेची एखादीच वस्तू ठेवायची असेल, तर कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन एक लहान घंगाळ पाहा. मठारकाम केलेल्या तांब्यावर हातोडीचा प्रत्येक ठोका वेगळा दिसतो. मंद उजेडात सगळे भांडे हलक्या लाटांनी भरल्यासारखे चमकते. यंत्रावर दाबून उमटवलेले ठोके एकसारख्या ओळींत असतात, त्यावरून फरक ओळखता येतो. चिंच किंवा लिंबू-मिठाने घासून लगेच कोरडे पुसावे. पाण्याचा थेंब वाळला की तांब्यावर डाग राहतो. मात्र चकाकी राहावी म्हणून ज्यावर पारदर्शक लेप दिलेला असतो, अशा वस्तूला चिंच लावू नये. लेप जागोजागी उडतो आणि भांडे कोड फुटल्यासारखे दिसते. छत्र्यांसाठी घंगाळ वापरण्याची कल्पना काही जण सुचवतात, पण लांब छत्री त्यात उभी राहत नाही. तिथे उंच पिंपच हवे, तळाशी पाणी ओतून टाकता येईल असे ताट ठेवून.

गणेशपट्टीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. गणपती बाहेरून येणाऱ्याला दारातच दिसावा, असे आमच्याकडे मानत. पण कडीकोयंडा यांनी सांगितलेल्या जागी, दार उघडताक्षणी तो समोर दिसणार असेल, तर माझी तक्रार नाही.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दार डाव्या भिंतीकडेच उघडते, त्यामुळे कपाट तीन फूट सोडून सुरू करावे लागेल. उरलेल्या तीन फुटांत दोन फुटांची बैठक आणि फूटभर कपाट एवढेच बसते. कलत्या खणांचे रुंद कपाट म्हणूनच शक्य दिसत नाही. सासूबाईंनी बैठक पाहताक्षणी पसंत केली आहे, तेव्हा ती तडजोडीत जाणार नाही. बुटांचे काय करावे? शिवाय नामफलक राहिला. यजमानांना इंग्रजीत हवा आहे, मुलीला दोघांचीही नावे हवी आहेत आणि सासूबाईंना सासऱ्यांचा जुना पितळी फलकच राहावा असे वाटते.

रंधा

बैठकीखाली अठरा इंचांची उंची मोकळी आहे. तिथे दोन फळ्या बसवा. बैठक बारा-तेरा इंच खोल असल्यामुळे बूट सरळ राहतात, आणि रोजच्या वापरातले सहा-सात जोड सहज मावतात. शेजारच्या फूटभर रुंदीत जमिनीपासून सहा फूट उंच, एकच झडप असलेले अरुंद कपाट करा, तेवढ्याच खोलीचे. सणासमारंभाचे आणि ऋतूबाहेरचे जोड त्यात वर जातील. त्याच कपाटात डोळ्यांच्या उंचीवर एक उघडा कोनाडा ठेवा. किल्ल्या, पाकीट आणि कुरिअर घेताना सही करण्यासाठी पेन तिथे राहील. कपाटाची बाजू दाराच्या फळीला लागू नये म्हणून जमिनीत रबराचा अडथळा बसवून घ्या. भिंतीच्या खालच्या तीन फुटांना धुता येणारा इमल्शन रंग द्या, पिशव्यांचे आणि हातांचे डाग तिथेच पडतात. ओले रेनकोट मात्र या जागेत टांगू नका, ते गॅलरीत किंवा न्हाणीघरातच वाळू द्या.

सचिवपद

नामफलकाबद्दल टपालवाले आणि कुरिअरची मुले यांच्या वतीने बोलतो. अक्षरे निदान एक इंच उंच असावीत आणि फलक जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, घंटेच्या बाजूला असावा. जाळीचे दार बसवणार असाल तर ते उघडे असतानाही झाकला जाणार नाही अशा ठिकाणी. देवनागरीत मोठ्या अक्षरांत दोघांची नावे आणि खाली लहान इंग्रजीत आडनाव व सदनिकेचा क्रमांक, अशी रचना आमच्या इमारतीत बहुतेकांनी केली आहे. त्याने यजमान आणि कन्या दोघांचेही समाधान व्हावे. 'घंटा एकदाच वाजवावी' छापाच्या सूचना फलकावर घालण्याचा मोह मात्र टाळावा. स्वागताच्या दारावर ताकीद शोभत नाही, आणि ज्यांच्यासाठी ती लिहिलेली असते ते ती वाचतही नाहीत.

कडीकोयंडा

सासऱ्यांचा जुना पितळी फलक आत घ्या. बैठकीच्या वर, आरशाच्या खालच्या कडेपासून चार-पाच इंच सोडून तो नीट बसेल आणि सासूबाईंना चपला घालताना रोज दिसेल. त्याला नवे छिद्र पाडू नका, जुनी छिद्रे जिथे आहेत तिथेच पितळेचे स्क्रू वापरा. लोखंडी स्क्रू पितळेत लवकर गंजतात आणि त्याचे तांबडे ओघळ नव्या रंगावर उतरतात.